बाऱ्ह्यातला अर्धा र

संस्थेच्या सचिवांनी तो डबा दोन बोटांनी उचलला. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा.

"हा कॉम्प्युटर?" त्यांनी विचारलं.

खरेदी समितीतले सगळे हसले. मी उभी होते. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

नाशिकच्या एका कॉलेजात मी लॅब असिस्टंट होते. कंत्राटी. लॅबमधली जुनी मशीन्स एकामागून एक बंद पडत होती, म्हणून प्राचार्य बाईंनी मला पर्याय शोधायला सांगितलं. मी शोधला. प्रत्येक टेबलावर अख्खा कॉम्प्युटर कशाला? हातात मावेल एवढा डबा पुरे. थिन क्लायंट म्हणतात त्याला. आत डिस्क नाही, पंखा नाही, धूळ खाऊन बिघडण्यासारखं काही नाही. खोलीत एकच दणकट सर्व्हर, सगळं काम त्याच्यावर चालतं. वीज कमी, दुरुस्ती कमी. आणि त्यावर ओपन सोर्स सॉफ्टवेअर. म्हणजे ज्याचा कोड कुणीही उघडून वाचावा, चुकलं असेल तर दुरुस्त करावा.

चार पानं लिहून नेली होती. सचिवांनी पहिलं पान पण उलटलं नाही. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत एवढंच ऐकलं. मग खालचं माझं आडनाव वाचलं.

"तुम्हा लोकांना फुकटाची सवय," ते म्हणाले. "शिक्षण फुकट, हॉस्टेल फुकट. आता कॉम्प्युटर पण फुकटातला."

या वेळी कुणी हसलं नाही. पण कुणी त्यांना थांबवलंही नाही. प्राचार्य बाई चहाच्या कपात बघत राहिल्या.

कॉलेजात दोन लॅब होत्या. शेवटी ठरलं असं की पुढच्या लॅबला नवे, भारीतले कॉम्प्युटर घ्यायचे आणि मागच्या लॅबला माझे डबे. मागच्या लॅबमध्ये आदिवासी हॉस्टेलची मुलं-मुली बसायची. त्यांना काय, चालतंय, असं सचिव म्हणाले.

मी "थँक यू सर" म्हणाले. हे लिहिताना आज लाज वाटते. पण म्हणाले.

मी स्वतः आश्रमशाळेत वाढले, पुढं त्याच हॉस्टेलात राहून शिकले. सुरगाणा तालुका, बाऱ्ह्याजवळचा पाडा. नागलीचं पीक निघालं की आईबाप द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जायचे आणि मी आश्रमशाळेत राहायचे. 'तुम्ही लोक' हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकलेत की ते शिवीसारखे लागायचे बंद झाले होते. तेच वाईट झालं होतं.

डबे चालले. एकदाही अडले नाहीत. अडलं ते वेगळंच. मुलं फॉर्म भरायची, गावाचं नाव टाकायची. बाऱ्हे. प्रिंट काढली की त्यातला अर्धा र तुटून बाजूला पडायचा. कागदावर भलतंच काही उमटायचं. पुढच्या लॅबमध्ये सगळं इंग्रजीत. तिथं कुणाचं गाव मोडत नव्हतं.

मी कोड उघडला. काही कळलं नाही. रोज काम सुटल्यावर तासभर थांबून वाचत राहिले. पाच महिने. चूक सापडली तेव्हा दुरुस्ती लिहून ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या लोकांना पाठवली. ते कोण, कुठले, मला माहीत नाही. त्यांनी तीनदा परत पाठवली. प्रत्येक वेळी कुठं चुकलंय ते सांगून. त्यांनी माझ्या कोडच्या चुका काढल्या. माझ्या नाही. हा फरक मला आयुष्यात पहिल्यांदा कळला.

चौथ्यांदा त्यांनी दुरुस्ती घेतली. काम करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलं. मी प्रिंट काढली. बाऱ्हे. स्वच्छ. एका मुलीनं तो कागद घेतला, गावाच्या नावावरून बोट फिरवलं आणि घडी घालून दप्तरात ठेवला.

पुढं कॉलेजची तपासणी आली. त्याच दिवशी पुढच्या लॅबमधली मशीन्स अपडेट मागत अडून बसली. सचिव तपासणी समितीला घेऊन थेट मागच्या लॅबमध्ये आले. शिपाई रजेवर होता, म्हणून पाण्याचा ट्रे माझ्या हातात दिला होता. सचिव सांगत होते की ही सगळी व्यवस्था संस्थेनं उभारली, मराठीची दुरुस्तीसुद्धा संस्थेचीच. एका पाहुण्यानं माझ्याकडे न बघता ट्रेमधला ग्लास उचलला. मी ट्रे पुढच्या पाहुण्यासमोर धरला. मला वाटलं, मला राग आलाय. राग नव्हता तो. भीती होती.

आठ दिवसांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक कागद होता. मी वाचायला घेतला. सचिवांना ते आवडलं नाही. त्यात लिहिलं होतं की ही दुरुस्ती मी संस्थेच्या सांगण्यावरून केली, तिच्यावर हक्क संस्थेचा, माझ्या नावाच्या जागी संस्थेचं नाव यावं. पुढं संस्थेला ते सॉफ्टवेअर कोड बंद करून शाळांना विकायचं होतं.

"फुकटातलं होतं ना ते?" सचिव म्हणाले. "मग तुझं कसं झालं?"

तोवर ते मला 'तुम्ही' तरी म्हणत होते.

"फुकट नाही सर, खुलं आहे," मी म्हणाले. "तुम्ही वापरा, कुणालाही द्या. त्याला कुलूप लावायचं नाही. आणि नाव पुसायचं नाही."

प्राचार्य बाई हळू आवाजात म्हणाल्या, "कर गं सही. नोकरी तरी राहील."

त्यांचं वाईट वाटलं. त्या खरंच माझ्या भल्याचं सांगत होत्या.

मी पेन टेबलावर ठेवलं. "नाही करणार," म्हणाले. आवाज फुटका निघाला. पण निघाला.

त्यानंतर माझं कंत्राट वाढवलं नाही. सर्व्हर कसा सांभाळायचा हे मला दुसऱ्या कुणाला शिकवू दिलं नव्हतं, त्यामुळे तो महिन्याभरात बंद पडला. मग डबेच खराब होते असं ठरलं आणि ते गोणीत भरून भंगारात गेले. मागच्या लॅबमध्ये आता पुढच्या लॅबची टाकाऊ मशीन्स आहेत. त्या सॉफ्टवेअरची संस्थेच्या नावानं काढलेली प्रत दोन शाळांमध्ये चालू आहे असं कळलं. मी संस्थेकडे तक्रार केली. उत्तर नाही. सॉफ्टवेअरवाल्या लोकांनी लिहिलं की तुझं बरोबर आहे, पण लढायला वकील लागेल आणि तो आमच्याकडे नाही.

म्हणजे मी हरले. दुसरा शब्द नाही.

आता मी सातपूरला एका वर्कशॉपमध्ये पाळीनं सर्किट बोर्ड तपासते. सुट्टीच्या दिवशी आमच्या बोलीतले शब्द गोळा करून त्याच खुल्या सॉफ्टवेअरला पाठवते. कारण आई बोलते तो प्रत्येक शब्द लिहिला की स्क्रीन त्याखाली लाल रेघ ओढते. चूक म्हणते. आई टेकाडावर रेंजमध्ये येऊन फोनवर शब्द सांगते, मी लिहून घेते. हे कुणी वापरील असं वाटत नाही. पाड्यावरची पोरं ती बोली बोलायला लाजतात.

तरी पाठवते. प्रत्येक बदलाखाली माझं नाव, आडनाव, पाडा, सगळं लिहिते. कुणीही घ्यावं, बदलावं, आणखी कुणाला द्यावं. नाव खोडायचं नाही. खोडलं तर पुन्हा लिहीन. परत खोडलं तर परत लिहीन. माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही, आणि हे मी सोडणार नाही.