बहारीनची काळी चौकट

जव्हारच्या बाजारपेठेतलं शरीफभाईंचं दुकान इतकं अरुंद होतं, की गिऱ्हाईक आत आलं की त्यांना स्टूल मागे सरकवावं लागे. पाटीवर घड्याळ, रेडिओ, टेप अशी नावं एकाखाली एक वाढत गेली आणि २००५ साली सगळ्यात खाली ‘कॉम्प्युटर’ हे नाव आलं. ते रंगवून घेताना त्यांचं मन कचरत होतं. लोक खरंच कॉम्प्युटर घेऊन आले तर काय करायचं, हा प्रश्न त्यांना पहिले सहा महिने झोपेतही पडे.

पण काम करायची त्यांची रीत तेहतीस वर्षांत बदलली नव्हती. आधी कान, मग स्क्रू ड्रायव्हर. वस्तू टेबलावर आली की ते डोळे मिटत, ती चालू करत आणि ऐकत बसत. मोखाड्याच्या आठवड्याच्या बाजारातही ते एका दुकानाच्या ओट्यावर पोतं अंथरून बसायचे. खोडाळ्याच्या बाजूचा ढवळू तिथे एकदा रेडिओ घेऊन आला.

“शरीफभाय, ह्यो बोलत नाय.”

“पडला का रे कुठे?”

“नाय पडला. मना ठाव नाय काय झाला.”

शरीफभाईंनी रेडिओ कानाशी धरून बटण फिरवलं. “पडला नाही, बुडला. ओहळ ओलांडताना हातातून सुटला. खरं की नाही?”

ढवळू आधी गोरामोरा झाला आणि मग खो खो हसत सुटला. “तुमचा कान का भगताचा हाय?”

घरी आल्यावर ही गोष्ट सांगताना शरीफभाई झरीनाबींना म्हणाले, “माणसं वस्तूबद्दल खोटं बोलतात ना, ती लबाड म्हणून नाही. घाबरतात बिचारी.”

“आणि तुम्ही फौजदार,” झरीनाबी म्हणाल्या.

त्यांना एकच मुलगी, माहनूर. तिचं लग्न २००४ साली भिवंडीच्या शोएबशी झालं आणि ती त्याच्याबरोबर बहारीनला गेली. शोएब तिथे एका कंपनीत हिशेबनीस होता. स्वभावानं मऊ, सासऱ्यासमोर आवाज चढवून बोललेला कुणी ऐकला नव्हता. दोन वर्षांनी ती दोघं सुट्टीवर आली तेव्हा त्यानं सासऱ्यांसाठी कॉम्प्युटरला जोडायचा एक कॅमेरा आणला. चेंडूएवढा गोल, मधोमध भिंग. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी चार वाजता जव्हारचं दुकान आणि बहारीनची खोली समोरासमोर यायची.

त्या कॅमेऱ्याची सगळी दुखणी शरीफभाईंनी वर्षभरात पाठ केली. चेहरा धूसर दिसला तर भिंगाभोवतीचं कडं फिरवायचं. चेहरा काळा दिसला तर पाठीमागची खिडकी बंद करून दिवा समोर घ्यायचा. चित्र येऊन जाऊन करत असेल तर वायर कॉम्प्युटरच्या पेटीच्या पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत लावायची. दुसरा एखादा प्रोग्रॅम कॅमेरा अडवून बसला असेल तर तो बंद करायचा. त्याहून बिघाड मोठा असेल तर सीडी घालून सगळं नव्यानं बसवायचं. जव्हारमधली ज्यांची मुलं आखातात होती, ती घरं कॅमेरा रुसला की त्यांनाच बोलवायची.

आणि मग २००७ च्या मार्चमध्ये, तेवीस तारखेच्या शुक्रवारी, पडद्यावर माहनूरची चौकट काळीच राहिली.

“कॅमेरा बिघडलाय, अब्बा,” ती म्हणाली. “आवाज येतोय ना? बास झालं.”

पहिल्या शुक्रवारी कुणाला काही वाटलं नाही. तीस मार्चलाही तेच झालं. शरीफभाईंनी कडं, खाच, सीडी असं सगळं सांगून पाहिलं. ती प्रत्येक गोष्टीला “केलं, अब्बा” म्हणत गेली आणि चौकट काळीच राहिली.

त्या संध्याकाळी झरीनाबी म्हणाल्या, “तिचा आवाज बदललाय.”

“माइक स्वस्तातला आहे. नाहीतर लाइन तुटते.”

“मी आई आहे. मला लाइन नका सांगू.”

शरीफभाईंच्याही कानाला ते लागलं होतं. लाइन तुटते तेव्हा ती अक्षरं निवडत नाही, जे मध्ये येईल ते खाऊन टाकते. इथे मात्र बाकी सगळं स्वच्छ येत होतं. फक्त ओठ मिटून म्हणायची अक्षरंच पिचत होती. नीट ऐकलं तर ‘अब्बा’चं ‘अव्वा’ होत होतं. सहा एप्रिलला त्यांनी मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं. असं कुणाचं होतं? पुढचे दात पडलेल्याचं. ओठ फाटलेल्याचं. तोंड सुजलेल्याचं.

आणखी एक गोष्ट त्यांना टोचत होती. दर शुक्रवारी कॉल जोडायला शोएब असायचा. “सलाम आलेकुम, अब्बा, दिसतोय का मी?” असं म्हणून मगच माहनूरला खुर्ची द्यायचा. या तीन आठवड्यांत त्याचा आवाज एकदाही आला नव्हता. विचारलं की माहनूर म्हणायची, “झोपलेत.” जुम्म्याची नमाज पढून आलेला माणूस दर आठवड्याला नेमका त्याच वेळी झोपतो?

तो आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. दुरुस्तीला आलेली घड्याळं उघडी पडून राहिली. मऊ बोलणारी माणसं दार लावल्यावर कशी असतात, हे कुणी पाहिलंय? आपणच तर चौकशी करून, तिघांना विचारून मुलगी दिली होती. रात्री ते झरीनाबींच्या श्वासाकडे कान लावून पडायचे. हे त्यांना सांगायची सोय नव्हती. २००१ साली भावाच्या अपघाताची बातमी एकदम कळली तेव्हा झरीनाबी चुलीपुढेच कोसळल्या होत्या आणि चार दिवस दवाखान्यात होत्या. तेव्हापासून त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू होती आणि घरात एक नियम झाला होता : वाईट बातमी झरीनाला तुकड्यातुकड्यानं सांगायची, आणि जमलं तर सांगायचीच नाही. माहनूरलाही तो नियम पाठ होता.

तेरा एप्रिलला चार वाजता दोघं कॉम्प्युटरसमोर बसली. पाच वाजता भारनियमनामुळे वीज जायची, त्यामुळे तासाभरात काय ते व्हायला हवं होतं. समोर काळी चौकट आली. माहनूर सलाम म्हणाली. शरीफभाईंचाच आवाज क्षणभरानं बहारीनहून घुमून परत आला. तिकडे कानाला हेडफोन नव्हते. स्पीकर चालू होता आणि टेबलावरचा माइक खोलीतलं सगळं उचलत होता.

“माहनूर, कॅमेऱ्याची वायर पेटीतून काढ.”

थोड्या वेळानं आवाज आला, “काढली.”

“आता दहा आकडे मोज आणि परत लाव.”

“लावली, अव्वा. नाही येत काही.”

शरीफभाईंनी डोळे मिटले. कॅमेऱ्याची वायर काढली की कॉम्प्युटर दोन सूर वाजवतो, उतरते. परत लावली की पुन्हा दोन, चढते. शोएब वायर लावायचा तेव्हा ते सूर त्यांना इथे जव्हारात बसून स्पष्ट ऐकू यायचे. आज पंखा ऐकू येत होता. रस्त्यावरच्या गाडीचा भोंगाही आला. सूर मात्र नव्हते.

“पुन्हा कर. मागच्या खाचेत लाव.”

“काढली... लावली.”

पुन्हा नुसता पंखा.

तिनं वायरला हातही लावला नव्हता. कॅमेरा धडधाकट होता. चार आठवडे तो तसाच होता आणि त्यांची मुलगी त्याच्यासमोर बसून खोटं बोलत होती. शरीफभाईंनी शेजारी पाहिलं. झरीनाबी ओढणीचं टोक मुठीत धरून त्या काळ्या चौकटीकडे बघत होत्या, जणू बघत राहिलं तर आत कुणीतरी दिवा लावेल.

“काहीतरी सापडतंय,” ते म्हणाले. “वेळ लागेल. तू जरा चहा ठेव.”

“चहा पाजून कॅमेरा चालू होतो का?”

“माझा होतो. जा.”

झरीनाबी जिन्यानं वरच्या घरात गेल्या. वरचं दार वाजेपर्यंत शरीफभाई थांबले आणि मग माइकजवळ वाकून हळू आवाजात म्हणाले, “तुझी अम्मी वर गेली. तू वायर काढलीच नाहीस, बेटा.”

“काढली ना, अव्वा.”

“मला इथे ऐकू येतं. पपई म्हण.”

“काय?”

“पपई म्हण. एकदाच.”

तिनं म्हणायचा प्रयत्न केला. तोंडातून वाराच जास्त आला. आधी ती हसली, मग ते हसू मध्येच मोडलं आणि ती रडायला लागली.

जो प्रश्न आठवडाभर शरीफभाईंच्या जिभेवर जड झाला होता तो आता बाहेर पडला. “शोएबनं हात उचलला?”

“या अल्ला! नाही, अव्वा! तुम्ही हे... तुम्ही असं चार आठवडे...” तिला पुढे बोलवेना.

“मग दाखव. जे असेल ते दाखव. माझ्या डोक्यात जे दिसतंय, त्याहून वाईट नसेल.”

घड्याळात पाचला अठरा मिनिटं होती. पंखा घुमत राहिला. मग चौकट करडी झाली, तिचे तुकडे तुकडे झाले आणि तुकडे जुळत चेहरा तयार झाला.

शरीफभाईंचा हात सवयीनं पुढे गेला. चित्र तिरकं येतंय, भिंग हललंय, असंच त्यांना पहिल्यांदा वाटलं. पण मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ होतं. दाराची चौकट सरळ होती. कॅमेऱ्यात काही दोष नव्हता. चेहऱ्याचा उजवा भाग माहनूरचा होता आणि डावा दोरीवर टाकलेल्या ओल्या कपड्यासारखा खाली लोंबत होता. डावा डोळा सताड उघडा होता. तो मिटत नव्हता आणि त्यातून पाणी गळत होतं.

“लकवा आहे, अव्वा. फक्त तोंडाचा,” ती घाईघाईनं सांगू लागली. “एकोणीस तारखेला सकाळी उठले तर असं. डॉक्टर म्हणतात, नस सुजलीय. हात-पाय चांगले आहेत, हे बघा.” तिनं दोन्ही हात वर करून बोटं हलवून दाखवली. “दोन-तीन महिन्यांत तोंड जागेवर येईल म्हणतात.”

“येईल की येतं?”

“बऱ्याच लोकांचं येतं.”

बऱ्याच लोकांचं. शरीफभाईंना तो शब्द नीट ऐकू आला. पुढचं विचारायचा धीर त्यांना झाला नाही.

“अम्मीला दाखवू नका,” माहनूर म्हणाली. “तिला काही झालं तर मी...”

जिन्यावर पावलं वाजली. शरीफभाईंनी माऊस धरला. वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली की चौकट जाणार होती. म्हणता आलं असतं, नाही सापडला बिघाड, पुढच्या शुक्रवारी बघू. चुलीपुढे पडलेली झरीना त्यांच्या डोळ्यांसमोर होती, तिचा पांढरा पडलेला ओठ होता. बाण फुलीवर गेला. बोट मात्र उचललेलंच राहिलं.

“हात काढा तिथून,” मागून झरीनाबी म्हणाल्या.

त्यांनी कप टेबलावर ठेवले. एक कप कलंडला, चहा तारांमधून वाहू लागला, तरी कुणी हललं नाही. शरीफभाई पडद्याकडे बघतच नव्हते. ते बायकोच्या छातीकडे बघत होते, श्वास कसा चाललाय ते. एक हात त्यांनी तिच्या पाठीमागे धरून ठेवला होता. झरीनाबी हळूच स्टुलावर बसल्या.

“डोळा मीट,” त्या लेकीला म्हणाल्या.

“अम्मी...”

“मीट.”

माहनूरनं डोळे मिटले. उजवा मिटला. डाव्याची पापणी जागची हलली नाही. फक्त बुबुळ वर गेलं आणि तिथे नुसता पांढरा डोळा राहिला. झरीनाबींच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. त्यांनी तो ओढणीनं दाबला.

“झोपतेस कशी?”

“पट्टी लावून.”

“कोण लावतं?”

चौकटीत बाजूनं शोएब आला. त्याच्या हातात औषधाची बाटली होती. “सलाम आलेकुम, अम्मी. मी खोटं बोलणार नाही म्हटलं म्हणून ही दर शुक्रवारी मला बाहेर काढायची.” त्यानं माहनूरची हनुवटी वर केली, उघड्या डोळ्यात दोन थेंब टाकले आणि बोटानं पापणी ओढून धरली. शरीफभाईंनी मान खाली घातली.

“तुला चक्कर येतेय का, अम्मी?” माहनूर विचारत होती.

“मला काही होत नाही,” झरीनाबी म्हणाल्या. “चार आठवडे काळ्या डब्याशी बोलले, तेव्हा व्हायचं ते झालं. दर शुक्रवारी एकेक मय्यत बघत होते मी त्यात. आता रोज दाखवायचं. रोज चार वाजता. ऐकलंस?”

“रोज, अम्मी? हे तोंड?”

“हेच.”

तेवढ्यात वीज गेली. कॉम्प्युटरखालची बॅटरीची पेटी टूं टूं करू लागली. काही बोलणं व्हायच्या आत तीही बंद पडली आणि पडद्यावर कुणी राहिलं नाही. दुकानात उन्हाची एक पट्टी आणि चहाचा वास उरला. झरीनाबींनी गोळी मागितली. ती पाण्याबरोबर गिळताना ग्लास त्यांच्या दातांवर वाजला.

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता दुकानाचं दार अर्धं ओढलेलं असायचं. मोखाड्याचा बाजार शरीफभाईंनी सोडला. चित्र उघडायच्या आधीचा तो करडा क्षण आला की ते स्टुलाची कड धरून बसायचे. आज काल​पेक्षा वाईट दिसलं तर? झरीनाबी फक्त दोन शब्द बोलायच्या, “डोळा मीट,” आणि पडद्याला नाक लागेल इतक्या पुढे वाकायच्या. पंधरा दिवस पांढरा डोळा त्यांच्याकडे बघत राहिला.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा झरीनाबी ओरडल्या, “हलली! पापणी हलली!”

शरीफभाईंनी भिंगाचं कडं फिरवून घ्यायला सांगितलं, दिवा जवळ घ्यायला सांगितला, पुन्हा पुन्हा डोळा मिटायला लावला. इतक्या लांबून, इतक्या तुटक चित्रात, पापणी हलली की चित्र हललं, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना.

“हलली ना?” झरीनाबींनी त्यांचा दंड घट्ट धरला होता.

“उद्या पुन्हा बघू,” शरीफभाई म्हणाले.