कोरी सोडलेली ओळ

माझे कारकून मुन्शीजी यांना खुर्चीवर स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नाही. गोंदियातल्या माझ्या वकिलीच्या खोलीत टंकयंत्रासमोर जेवढा वेळ जाई, तेवढेच ते बसत. एरवी पक्षकार बोलत असताना ते कपाटापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत, फायलींच्या नाड्या सोडत आणि पुन्हा बांधत. त्या चुळबुळीचा मला राग येई. ते ऐकत होते, हे मला उशिरा कळले.

ते कायदा कॉलेजात शिकले नव्हते. केशोरी गावच्या धानाच्या बांध्यांत, भातखाचरांत शिकले होते. नुकसानभरपाईचा दावा घेऊन आलेला माणूस शेजाऱ्याला शिव्या घालू लागला, की ते त्याला अडवत. "भांडन मंग सांगजो बापा. आधी नुकसान कायनं झालं ते सांग." मग समोरच्याने काय जपायला हवे होते, ते जपले का, आणि न जपल्यामुळेच याचे बिघडले का, एवढेच विचारत. माझ्या जाड पुस्तकांत याहून फारसे वेगळे नव्हते.

एकदा केशोरीचाच एक मोठा शेतकरी आला. त्याच्याविरुद्ध खालच्या बांधीच्या सुगनाबाईंनी दावा लावला होता. मुसळधार पावसात आपले धान वाचवायला त्याने स्वतः फावडे घेऊन मधला बांध, म्हणजे धुरा, फोडला, आणि त्या पाण्यात बाईंची नुकतीच झालेली रोवणी वाहून गेली. हे त्याने आम्हा दोघांसमोर हसत सांगितले. मी मात्र मुन्शीजींना कोर्टात द्यायचा जबाब सांगू लागलो, की अतिवृष्टीने धुरा आपोआप फुटला, ही दैवी आपत्ती आहे, प्रतिवादी जबाबदार नाही.

टंकयंत्र थांबले. "पाऊस देवाचा, साहेब. पावडा कोनाचा?"

तुमचे काम टंकण्याचे आहे, असे मी म्हणालो. माझा आवाज चढला नव्हता. म्हणूनच ते अधिक बोचले असावे. त्यांनी सगळा जबाब टंकला. धुरा आपोआप फुटल्याच्या ओळीची जागा तेवढी कोरी सोडली. ती मी शाईने भरली.

सुगनाबाईंकडे साक्षीदार नव्हता. दावा फेटाळला गेला. दुसऱ्या दिवशी मुन्शीजींनी सगळ्या फायलींच्या नाड्या बांधल्या आणि कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

"तुमचं अक्षर चांगलं आहे, साहेब. आता मुन्शी कायले पायजे?"

मी त्यांना थांबवले नाही.

काही वर्षांनी ते वारल्याचे कळले, तेव्हा केशोरीला गेलो. त्यांच्या घरून परतताना पाय आपोआप सुगनाबाईंच्या शेताकडे वळले. त्या चिखलात वाकून रोवणी करत होत्या. धुऱ्यावर उभा राहून, अशिलाचे गुपित फोडून, मी त्यांना पावडा कुणाचा होता ते सांगितले. ती ओळ माझ्या हातची होती, हेही सांगितले.

त्या सरळ उभ्या राहिल्या. हातातली धानाची जुडी त्यांनी खाली ठेवली नाही.

"हे तवा काऊन नाई सांगितलं?"

आता पक्षकार बोलू लागला, की मलाही खुर्चीत बसवत नाही. कपाटापासून दारापर्यंत मी तो प्रश्न घेऊन फिरतो. त्या प्रश्नापुढे काही लिहिणे मला अजून जमलेले नाही.