कोण चांगलं, ते लिफ्टमामांना विचारा

हॉस्पिटलच्या पुढच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबण्यात लिफ्टमामांची बावीस वर्षं गेली. पण नुसती बटणं दाबली असती, तर त्यांना कोणी मामा म्हटलं नसतं. हातात फाइल आणि चेहरा पांढराफटक, असं कोणी आत आलं की हमखास विचारायचं, कॅन्सरसाठी इथे कोण चांगलं? मामा बेधडक सांगायचे, डोळे मिटून चौथ्या मजल्यावर जा. का, तर चौथ्या मजल्यावरचे डॉक्टर लिफ्टमध्ये हसून बोलायचे, मामांच्या गुडघ्याची चौकशी करायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमही कॅन्सरच्याच डॉक्टर, पण त्या मान वर करत नसत. एकदा कोणासाठी तरी दार उघडं धरलं, तर मामांवरच डाफरल्या होत्या. आता लिफ्टमध्ये वेळ जातो किती? मिनिटभर. मिनिटभर गोड वागायला कोणाच्या बापाचं काय जातं! पण मामांची सगळी पारख त्या मिनिटाची, आणि लोक त्यांना हात जोडून वर जायचे.

मग मामींच्या छातीत गाठ निघाली. तपासणीचा रिपोर्ट आला, कॅन्सरच होता. मामी घरी शिवणकाम करायच्या. त्यांनी हातातलं ब्लाउज बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, जगाला ज्यांच्याकडे पाठवता त्यांच्याकडेच मला न्या, विषय संपला.

संपला कुठला! एवढ्या लोकांना आपण वर पाठवलं, त्यातलं बरं कोण झालं हे एकदाही विचारलं नाही, हे आत्ता कुठे त्यांच्या ध्यानात आलं. पुढच्या लिफ्टने माणसं आपल्या पायांनी येतात-जातात. आडवी जातात ती मागच्या लिफ्टने, आणि तिथे माणूस दुसरा. मामांनी त्याला चहाच्या वेळी गाठलं आणि विचारलं, तू जास्त कोणाचे पेशंट खाली शवागारात नेतोस? तो म्हणाला, मॅडमचे. मामांना हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. पण ठरलं एकदाचं, चौथा मजला.

दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन थिएटरमधल्या जुन्या सिस्टरने त्यावर पाणी ओतलं. ती म्हणाली, बाकीच्यांनी हात टेकले की ते पेशंट मॅडमकडे येतात, चौथ्या मजल्यावरूनसुद्धा. मग मॅडमचेच जास्त जाणार ना? झालं, मामांचं डोकं भणभणायला लागलं.

त्यांनी मग विचारण्याचा सपाटाच लावला. वॉर्डातल्या सिस्टर, औषधवाला, एक्स-रेवाला, बरे होऊन तपासणीला येणारे पेशंट. दहा जणांनी बारा मतं दिली. मामी रोज विचारायच्या, ठरलं का? मामा म्हणायचे, उद्या नक्की. घाई केली आणि चुकीच्या माणसाच्या हाती बायको दिली तर? या एका भीतीने त्यांना पार पोखरलं होतं. अहो, पण उद्याला काही अंत? दोन महिने गेले. मामी अंघोळ करताना गाठ चाचपून बघायच्या आणि मुकाट्याने मशीनवर बसायच्या.

शेवटी एका सकाळी मामीच फाइल घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या आणि म्हणाल्या, तिसरा मजला. सगळे शेवटी जिथे पाठवतात तिथे मी सुरुवातीलाच जाते. मामांनी बदलीच्या माणसाला स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या मागोमाग गेले.

मॅडमनी मामींना तपासलं, काखेतही बराच वेळ हात फिरवून पाहिलं. मग रिपोर्टवरची तारीख वाचली आणि चष्मा काढला.

"दोन महिने झाले याला. तेव्हा गाठ लहान होती, काखेत काही नव्हतं. आता तिथेही गाठ हाताला लागतेय. इतके दिवस काय करत होतात?"

चांगला डॉक्टर शोधत होतो, असं मामांना सांगायचं होतं. पण टेबलाची कड धरून ते नुसते उभे राहिले.

"वरच्या डॉक्टरांकडे गेला असतात तरी चाललं असतं," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तेव्हा आमच्यापैकी कोणीही चाललं असतं."

मामांचा चेहरा मामींनी एकदाच पाहिला. मग पदर सारखा करून त्या मॅडमकडे वळल्या.

"मीच घाबरत होते, डॉक्टर. हे तर रोज म्हणायचे, चल म्हणून."