भेसळ काढणारे नाना

सारख्या दिसणाऱ्या हजार झाडांतलं वेगळं झाड आमच्या नानांना नेमकं दिसायचं. धावड्याच्या शिवारात मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट असतात. त्यातली भेसळ, म्हणजे जातीपेक्षा वेगळं निघालेलं झाड, फुलावर येण्याआधी उपटायचं, हे नानांचं, माझ्या वडिलांचं, काम. सकाळचं ऊन पाठीवर घेऊन ते ओळीतून हळू चालायचे, थांबायचे, वाकून झाड बुडाशी धरायचे. आम्हाला ते शेजारच्यासारखंच दिसे. एकदा मी हट्टानं असं उपटलेलं झाड घरामागं लावलं. ते जगलं, आणि त्याच्या मिरच्या खाली लोंबायच्या ऐवजी आभाळाकडं तोंड करून आल्या. खरं सांगते, मला भीती वाटली.

"एकबी ठेवायचं न्हाई," ते मजुरांना बजावत. "दया केली का सगळा प्लॉट गेला."

पुढं नानांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. त्यांचे वडील आणि थोरले भाऊ याच दुखण्यानं गेले होते. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "तुमच्या एका जनुकात जन्मापासूनच बदल आहे. तो मुलाबाळांतही उतरलेला असू शकतो. सगळ्यांची तपासणी करून घ्या." आम्ही गोंधळलो. नानांनी मात्र शांतपणे मान हलवली. "म्हंजे बियाण्यातच हाय."

एका सकाळी त्यांनी माझ्या दोघा भावांना आणि भाच्यांना अंगणात ओळीनं उभं केलं. पुरुषांचा आजार, म्हणून मला कुणी बोलावलं नव्हतं. मी चहा घेऊन आले होते. ऊन पाठीवर घेऊन नाना एकेकासमोरून पुढं गेले. कुणी हसेना. शेवटी ते माझ्यासमोर थांबले आणि वाकले. त्यांची बोटं माझ्या घोट्याशी आली आणि तिथंच थांबली.

"नाना, बायांना हा आजार होत न्हाई," थोरला भाऊ म्हणाला.

नाना सरळ झाले. "हिला ऱ्हाऊ द्या," एवढंच बोलले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात गार होता.

महिनाभरात ते गेले. भावांचे रिपोर्ट चांगले आले. मी रक्त द्यायला निघाले तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. माझ्या रिपोर्टात तोच बदल निघाला. बायांत त्यानं छातीच्या कॅन्सरचा धोका वाढतो, पण वेळेत कळलं हे बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले.

आता मी ठरल्या वेळी तपासणीला जाते. बाकावर नंबर येईपर्यंत घोट्याशी ती बोटं जाणवत राहतात. मी पाय हलवत नाही. जन्मभर एकही झाड न सोडणाऱ्या माणसानं मला ठेवलंय.