पहिलं पान हरलेल्यांचं

शेवटची शिट्टी वाजली की सगळं मैदान एका बाजूला धावायचं आणि नाना दुसऱ्या बाजूला. खांद्यावरचा टॉवेल सावरत, किंचित लंगडत, हरलेल्या संघाच्या बाकाकडे. तिथे कोणी रडत असे, कोणी उगाच बुटाची नाडी सोडबांध करत असे. नाना पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "ऊठ भो, पहिलं पान तुनं शे."

पहिलं पान तुझं, हे नुसतं तोंडचं नव्हतं. आमच्या जळगावच्या बास्केटबॉल स्पर्धेत नानांनी तसा रिवाजच पाडला होता. अंतिम सामन्यानंतर मैदानाच्या कडेला भरीत-पुरीची पंगत बसायची. फैजपूरहून केळीची पानं यायची. पहिल्या पंगतीला हरलेले बसणार आणि वाढणार कोण, तर जिंकलेले. चषक ठेवा बाजूला, उचला बादली!

एकदा चोपड्याचा एक विजेता पोरगा कुरकुरला, "नाना, जिकनूत आम्ही, आनि वाढानं बी आम्हीच?"

"हारनारा खेळाले उनात म्हनीसन तू जिकना," नाना म्हणाले. "त्या नही येतात ते काय भिंतसंगे खेळता?"

पोराने हसत बादली उचलली.

नाना निवृत्त क्रीडाशिक्षक. बायको गेलेली, मुलगा सुरतेला. स्पर्धेच्या त्या तीन-चार दिवसांत हाती माइक मिळायचा, त्यावर हा माणूस उरलेलं वर्ष काढायचा. मी त्यांच्या शेजारी गुण लिहायला बसायचो, म्हणून मला ठाऊक. स्पर्धा जवळ आली की जुने कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे करून उन्हात ठेवलेले दिसायचे.

मग एका वर्षी, ज्या संस्थेच्या मैदानावर स्पर्धा व्हायची, तिच्या अध्यक्षांची नात यजमान संघाची कप्तान झाली. अंतिम सामना धुळ्याच्या मुलींशी. त्या आल्याच होत्या सात जणी. शिट्ट्या कुणाच्या अंगावर वाजत होत्या ते मैदानातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. फाउल भरून धुळ्याच्या तिघी बाहेर गेल्या, चौघी उरल्या. त्या चौघी एका बास्केटने हरल्या.

अध्यक्ष हार घेऊन उभे होते. नानांनी माइक घेतला. "चषक जळगावचा, पण आजचा खेळ धुळ्याच्या पोरींचा. चौघी पाच जणींना पुरून उरल्या. वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या, पण चोरट्या.

पंगत बसली. नातीने रिवाजाप्रमाणे भरिताची बादली उचलली होती. अध्यक्ष तिथूनच ओरडले, "खाली ठेव ती. माझी नात वाढपी नाही."

तिने नानांकडे पाहिलं आणि बादली खाली ठेवली. तुम्हाला वाटेल, कोणीतरी बोललं असेल. छे! आमच्याकडे भरीत कमी पडलं तर लोक मांडव डोक्यावर घेतील, पण अध्यक्ष बोलले की सगळ्यांच्या तोंडात पुरी. नानांनीच वाकून बादली उचलली. धुळ्याच्या मुली एकेक करून पानावरून उठल्या. फक्त त्यांची कप्तान मांडी घालून बसून राहिली.

"वाढा नाना," ती म्हणाली आणि पान चाटूनपुसून जेवली.

पुढल्या वर्षी नानांना बोलावणं नव्हतं. तरी ते आले, पांढरे बूट घालून. मैदानाभोवतीच्या दोरीपाशी बिल्ला लावलेल्या एका कार्यकर्त्याने अडवलं, "काका, पास?"

"नही ना भो," नाना म्हणाले आणि वळले. मी टेबलावरून उठून गेटापर्यंत पोचलो, तोवर रिक्षा निघून गेली होती. त्या वर्षी जिंकलेल्यांना हॉलमध्ये मेजवानी होती आणि हरलेल्यांना गाडीत पुरीभाजीची पाकिटं. नंतर तोच रिवाज झाला. नाना पुन्हा मैदानावर दिसले नाहीत.

या हिवाळ्यात ते गेले. शोकसभा त्याच मैदानावर झाली. मोठा फ्लेक्स, त्यात नानांपेक्षा अध्यक्षांचा फोटो मोठा. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "नानांनी आम्हाला जिंकायला शिकवलं." माना डोलल्या. माझ्या जिभेवर शिवी आली होती.

शेवटच्या रांगेत धुळ्याची ती कप्तान बसली होती. आता तिथल्याच एका शाळेत खेळ शिकवते. एसटीने आली होती. तिला कोणी बोलायला उठवलं नाही.

सभा संपल्यावर ती आणि मी स्टँडजवळ भरीत खायला गेलो. मालकाने केळीचं एक पान वाढून आणलं, दुसऱ्याला वेळ होता. मी ते तिच्यापुढे सरकवलं. "तू पाहुणी."

तिने पान उचलून माझ्यापुढे ठेवलं. पाठीवर हलकी थाप मारली.

"जेवा भाऊ," ती म्हणाली. "जळगाव हारनं."