हनुवटी झाकणारं हेल्मेट

माझी हनुवटी डावीकडे जराशी वाकडी आहे. त्याचा राग मी अजून सोडलेला नाही.

भाऊजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, अकोल्याचे. दर हिवाळ्यात ओळखीच्या लोकांना घेऊन हिमाचलात स्कीइंगला जातात. मला झाडांमधून, दगडांच्या कडेनं सुसाट उतरायचं वेड. त्या वर्षी मी तिथल्या दुकानातून पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट भाड्यानं घेतलं, तर भाऊजींनी सगळ्यांसमोर ते काढायला लावलं.

"मान मोडंन त्या वजनानं. अन् तोंड झाकाले तू का अमरावतीच्या उनात स्कूटी चालवून राह्यली?"

सगळे हसले. मी मुकाट्यानं साधं हेल्मेट घातलं. जावयाला उलट बोलायचं नाही, हे आमच्या घरचं वळण.

दुसऱ्याच दिवशी कडक झालेल्या बर्फावर पाय निसटला आणि हनुवटी दगडावर आपटली. डोकं शाबूत राहिलं, जबडा मोडला.

अमरावतीला आले तेव्हा जबडा तारांनी बांधलेला होता. आईकडे रोडग्यांचं जेवण होतं, कणकेचे गोळे गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले. मी नळीनं वरणाचं पाणी ओढत होते. भाऊजी दुसऱ्यांदा तूप वाढून घेत म्हणाले, "म्या सांगतलं होतं तिले, हळू जाय. आयकतच नाही." असं ते कधीच बोलले नव्हते. आईनं मान डोलावली. मला दातओठ खायचीही सोय नव्हती. तिथंच ठरवलं, खरं काय ते यांच्याच तोंडून वदवायचं, आणि सगळ्यांसमोर.

तोंड झाकणारं हेल्मेट मी विकत घेतलं आणि गच्चीवर घालून फिरू लागले. शेजारीण विचारायची, बरी आहेस ना बाई. भाऊजींचं सगळंच खोटं नव्हतं, याचा जास्त संताप आला. मान अवघडत होती. बाजूचं कमी दिसायचं. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी गळ्याला लागेपर्यंत कळली नाही. आवाजही दबून यायचे. पण अवघडलेल्या मानेला तेल चोळता येतं. मोडलेल्या जबड्यानं भाकर चावून दाखवावी कोणी.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्याच सोबत गेले. पहिल्याच उताराला सवयीनं, एप्रिलच्या उन्हात बांधतो तसा, दुपट्टा नाकातोंडावरून गुंडाळला आणि वरून हेल्मेट घातलं. श्वास वर चढला, चष्म्यावर वाफ धरली, मी आंधळ्यासारखी बर्फात बसकण मारली. भाऊजी खाली मोबाइल धरून उभे. व्हिडिओ लगेच घरच्या ग्रुपवर गेला. मी दुपट्टा काढून खिशात कोंबला आणि पुन्हा वरून नीट उतरले. त्याचा व्हिडिओ काही कोणी काढला नाही.

शेवटच्या दिवशी त्यांची मुलगी, माझी भाची, हट्टाला पेटली. मी पडले होते तोच उतार तिला हवा होता. भाऊजी माझ्याजवळ आले, अगदी हळू म्हणाले, "तुह्यं हेल्मेट तिले देशीन का?"

मला स्वच्छ ऐकू आलं. मी मोबाइल काढला, व्हिडिओ चालू करून त्यांच्यासमोर धरला.

"काय म्हनता भाऊजी? या हेल्मेटात आयकू येत नाही."

ते मोठ्यानं बोलले. सगळे वळून पाहू लागले.

"काहून पाह्यजे?"

"हनुवटी वाचते म्हनून."

"अन् मागच्या वर्षी माह्यं कोनं काढाले लावलं?"

त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती वर चढायला निघालीच होती.

"म्याच लावलं," ते म्हणाले.

व्हिडिओ मी तिथूनच ग्रुपवर टाकला. मग पोरीला हाक मारून हेल्मेट घातलं, डोकं हलवून ते सैल नाही ना पाहिलं, पट्टा आवळला. तिचा काय दोष?

ती उतरत होती तोवर भाऊजी स्वतःची हनुवटी हातात धरून उभे होते. आईचा फोन वाजत होता, मी उचलला नाही. भाची हसत खाली पोचली. भाऊजी मटकन बर्फात बसले, डोळे पुसू लागले. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली.