गारफील्डची कार्डं

इव्हलिनबाईंची उशी उचलली तेव्हा तिच्याखाली कार्ड सापडलं. गादी अजून कोमट होती. बाईंना खाली नेऊन वीस मिनिटंही झाली नव्हती. कार्डाचा एक कोपरा चावून चावून मऊ झाला होता. वर मिस्टर डनिंगच्या ठसठशीत अक्षरात प्रश्न होता : अध्यक्ष गारफील्ड कशाने मेले?

ते कार्ड त्या खोलीत मीच नेलं होतं.

मी कार्डाकडे बघितलं, मग हातातल्या ग्लव्हकडे. मग पलंगावर बसले. रेसिडेंटच्या, म्हणजे तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या, पलंगावर बसायची आम्हाला परवानगी नसते.

कॅनडातल्या केंब्रिजमधल्या एका नर्सिंग होममध्ये मी अकरा वर्षं हाउसकीपिंग केलं. म्हणजे सफाई. वसईला चौथीपर्यंत शिकले. मुलगा इथे गाड्यांच्या प्लांटमध्ये लागला, त्याने बोलावून घेतलं. इंग्लिश मी म्हाताऱ्यांच्या खोल्या पुसता पुसता शिकले. ही गोष्ट २०१७ च्या हिवाळ्यातली.

माणूस गेला की खोलीचं टर्मिनल क्लीन करतात. पडद्यापासून पलंगाच्या चाकापर्यंत सगळं. औषध मारून लगेच पुसलं तर उपयोग नाही. ते पाच मिनिटं ओलं राहायला हवं, तेव्हा जंतू मरतो. याला कॉन्टॅक्ट टाइम म्हणतात. नव्या मुली दोन मिनिटांत पुसून मोकळ्या व्हायच्या. मी घड्याळ लावायचे. माझ्या खोल्यांत ऑडिटला कधी काही सापडलं नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही. उलट त्याचीच लाज वाटते.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर पोटाचा व्हायरस शिरला होता. उलट्या, जुलाब. तरुण माणूस दोन दिवसांत उठून कामाला लागतो. नव्वदीचा माणूस सुकत जातो. होमने आउटब्रेक जाहीर केला. म्हणजे जेवण खोलीत, बाहेरचं कोणी भेटायला येणार नाही, बिंगो बंद, आणि बुधवारची क्विझही बंद.

क्विझ तिथेच राहणारे मिस्टर डनिंग घ्यायचे. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून रिटायर झालेला माणूस. कॅनडाचे, पण वेड अमेरिकेच्या अध्यक्षांचं, आणि त्यातही गारफील्डचं. त्यांची बायको इव्हलिन त्याच मजल्यावर दुसऱ्या टोकाला वेगळ्या खोलीत होती. तिला विसरण्याचा आजार. नवरा तिला ओळखू यायचा नाही, गारफील्ड आठवायचा.

मी क्विझच्या वेळी तिथे मॉप मारता मारता इतक्यांदा ऐकलंय की मलाही पाठ झालं. गारफील्ड लाकडी झोपडीत जन्मला. पोरवयात कालव्यावर बोटींच्या कामाला होता, सारखा पाण्यात पडायचा. एका हाताने लॅटिन आणि दुसऱ्याने ग्रीक एकाच वेळी लिहायचा असं सांगतात, खरंखोटं देव जाणे. अध्यक्ष झाला आणि चार महिन्यांत स्टेशनावर एकाने त्याला गोळी घातली. गोळीने तो मेला नसता. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं जखमेत घालून घालून गोळी शोधली. मोठा डॉक्टर म्हणाला, गोळी उजवीकडे आहे. टेलिफोनचा शोध लावणारा, ज्याच्या बापाचं घर आमच्या शेजारच्या ब्रँटफर्डला आहे, तो गोळी हुडकायचं यंत्र घेऊन आला. त्यालाही फक्त उजवीकडेच शोधू दिलं. त्यात गादीच्या स्प्रिंगा लोखंडी, यंत्र भलतंच बोलायला लागलं. गोळी डावीकडे होती. माणूस अडीच महिने सडत पडला आणि गेला. मारेकरी कोर्टात म्हणाला की मारलं डॉक्टरांनी. त्याला फाशी दिलीच.

मिस्टर डनिंग शेवटी विचारायचे, "मग गारफील्डला कोणी मारलं?" सगळे ओरडायचे, "डॉक्टर्स!" सगळ्यांत मोठा आवाज इव्हलिनबाईंचा.

आउटब्रेकच्या तिसऱ्या दिवशी मिस्टर डनिंगनी मला दारात थांबवलं.

"फिल, तू सगळ्या खोल्यांत जातेसच. क्विझवाल्यांना रोज एकेक कार्ड दे, उत्तर विचार, परत आण."

"ते माझं काम नाही, मिस्टर डनिंग."

"माणसं भिंतीकडे बघून मरतायत, फिल."

"भिंतीकडे नाही. टीव्हीकडे."

ते हसले. मग म्हणाले, "इव्हलिन माझ्याकडे बघत नाही. प्रश्नाला मात्र उत्तर देते. ती काय म्हणाली तेवढं मला येऊन सांग."

मी हात पुढे केला. त्यांनी जिभेला अंगठा लावला आणि गठ्ठ्यातून एकेक कार्ड मोजून दिलं. आमच्या वसईच्या वाण्यापासून चर्चच्या फादरपर्यंत सगळ्यांना मी असाच कागद सुटा करताना पाहिलंय. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. सुरुवातीला त्यांनाही एक दिवस जुलाब झाले होते. ते उठून बसले, म्हणून सगळे विसरले.

"औषध मारू नकोस हां," ते म्हणाले. "शाई पसरेल. चाळीस वर्षांची कार्डं आहेत."

मी मारलं नाही. कार्डं एप्रनच्या खिशात ठेवली.

त्यानंतर रोज मी प्रत्येक खोलीत जायचे. कडी, नळ, पलंगाचा कठडा, कॉल बेल, सगळं औषधाने ओलं करायचे, घड्याळ लावायचे. बाहेर येऊन ग्लव्ह टाकायचे, हात धुवायचे, नवे ग्लव्ह घालायचे. आणि त्या नव्या कोऱ्या ग्लव्हने खिशातून कार्ड काढून पुढच्या माणसाच्या हातात द्यायचे.

आउटब्रेक हटेना. पहिल्या आठवड्यात दोन गेले, दुसऱ्यात आणखी दोन. माझी सुपरवायझर कुलविंदर हिंदीत विचारायला आली.

"आंटी जी, सच बताओ. कॉन्टॅक्ट टाइम देती हो ना?"

"अपनी घड़ी से मिला ले."

"मैं नहीं पूछ रही. ऊपर से पूछ रहे हैं."

"ऊपर वालों को बोल, आकर खुद पोछा मारें."

मग आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर आला. त्याच्याकडे यादी होती. यादीतली प्रत्येक जागा त्याने तपासली. सगळं स्वच्छ निघालं. माझा एप्रन यादीत नव्हता.

पाचव्या इव्हलिनबाई.

मी ते चावलेलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं आणि हेड नर्स शॅरनच्या ऑफिसात गेले. पिशवी टेबलावर ठेवली. सांगायचं ते चार वाक्यांत सांगितलं.

"हाउ मेनी रूम्स, फिल?"

"क्विझवाल्या सगळ्या. रोज."

शॅरनने कपाळ धरलं. मग म्हणाली, "बाकीची कार्डं आत्ताच्या आत्ता उचल. रिपोर्ट मी बघते. अँड फिल, प्लीज, डोन्ट टेल हिम."

मी पिवळी पिशवी घेऊन मिस्टर डनिंगच्या खोलीत गेले. पिवळ्या पिशवीत टाकलेलं पुन्हा कोणी उघडत नाही, ते जाळायला जातं. बायको गेल्याचं त्यांना अर्ध्या तासापूर्वी दारातूनच सांगितलं होतं. ते खुर्चीत बसून कार्डं लावत होते. जिभेला अंगठा, एक कार्ड. जिभेला अंगठा, एक कार्ड.

"कार्डं द्या, मिस्टर डनिंग."

"आज नको. आज कोणाला विचारायचं?"

"वाटायला नाही. जाळायला."

अंगठा ओठापाशीच थांबला. आयुष्यभर गारफील्ड शिकवलेला माणूस. त्याला मी काय समजावणार? त्यांनी अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्या खिशाकडे.

"इव्हलिनने कार्ड हातात धरलं होतं?"

शॅरनने सांगितलं होतं ते मला आठवत होतं. पण मला खोटं बोलायला जमत नाही, आणि त्या माणसाने मला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"मंगळवारी दिलं. तिने ठेवून घेतलं, परत देईना. मी ओढलं नाही."

"उत्तर दिलं तिने?"

"दिलं. डॉक्टर्स म्हणाली. मोठ्याने."

त्यांनी मान हलवली. पिशवीचं तोंड स्वतः धरलं आणि गठ्ठा आत सोडला. मग हात माझ्यापुढे केले, लहान मूल करतं तसे, दोन्ही पालथे. मी त्यांना सिंकपाशी नेलं. साबण लावला, बोटांच्या फटीत, नखांखाली, दोन्ही अंगठ्यांना वेगळा. ते म्हणाले, "पुन्हा एकदा." मी पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी नळ बंद केला.

नंतर त्या मजल्यावर नवा पेशंट झाला नाही. रिपोर्टात कारण कळलं नाही असं लिहिलं. कुलविंदरने मला सांगितलं, "आंटी जी, भूल जाओ." मी त्याच उन्हाळ्यात काम सोडलं. कोणी काढलं नाही.

मी शंभरेक नव्या मुलींना हात धुवायला शिकवलं असेल. खिशाबद्दल एकीलाही सांगितलं नाही. जिथे शोधायला सांगतात तिथेच माणूस शोधतो आणि तिथे स्वच्छ निघालं की निवांत होतो. एवढंच मी शिकले, आणि ते शिकायला पाच माणसं लागली.

बुधवारच्या क्विझला अकरा जण बसायचे, मिस्टर डनिंग धरून. पाच गेले. सहा जगले. त्यांतले एक मिस्टर डनिंग.

मला साधा जुलाबही झाला नाही.